त्रेचाळीस ओळींचा मेनू

मी एक जुना मेनू आहे. मित्रांनो, काही खायला मिळेल या आशेने पुढे सरकला असाल, तर आधीच सांगून टाकतो, माझ्याकडे तसले काही नाही. मी संगणकाच्या पडद्यावर डाव्या कडेला उभा असतो. एकाखाली एक ओळी, आणि प्रत्येक ओळीत एकेका कामाचे नाव. आमचा पडदा बोटाने दाबायचा आहे. ज्या नावावर तुम्ही बोट ठेवाल ते काम मी समोर उघडून देतो. माझे काम इतकेच. पण या एवढ्याशा कामात मी एकदा असा काही गोंधळ घातला, की एका भल्या बाईंची बावीस वर्षांची जागा जायची वेळ आली. ती हकिगत सांगायलाच आज तोंड उघडतो आहे.

माझे घर म्हणजे एका मोठ्या बस आगारातले हरवले-सापडले कार्यालय. माणसे बसमध्ये काय काय विसरतात, विचारू नका. छत्र्या आणि डबे तर ढिगाने. चष्मे, चाव्या, अर्धवट विणलेले स्वेटर, एकदा कवळी, आणि एकदा पिंजऱ्यासकट पोपट. तो पोपट मालक येईपर्यंत दिवसभर सगळ्यांना "दार लाव, दार लाव" म्हणून दटावत होता. अशा साऱ्या वस्तू रोज सकाळी कापडी थैल्यांत भरून आमच्याकडे येतात. प्रत्येकीची नोंद होते, तिला चिठ्ठी चिकटते, आणि ती कपाटात जाऊन मालकाची वाट बघत बसते.

माझा जन्म मात्र इथे झाला नाही. तो झाला चहाचे डाग पडलेल्या एका कागदावर. ज्या प्रोग्रामरनी मला लिहिले त्यांना मी बाबा म्हणतो. बाबांनी पेन्सिलीने फक्त सात ओळी लिहिल्या होत्या. तेव्हा मी अंगाने अगदी सुटसुटीत होतो. मग बाबा तो कागद घेऊन कार्यालयात आले आणि माझे दिवस पालटले.

आमच्या कार्यालयात अकरा शाखा आहेत. त्या अकराही शाखांच्या प्रमुखांनी माझ्यावरून नजर फिरवली आणि प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "आमचं नाव कुठंय यात?" बाबा पडले भिडस्त. ते प्रत्येकाला म्हणाले, "टाकतो की." सुरक्षा शाखेने चार ओळी मागितल्या, म्हणून भांडार शाखेने पाच. अग्निशमनवाल्यांना एकच हवी होती, पण ती ठळक अक्षरात. बघता बघता मी त्रेचाळीस ओळींचा झालो. पडद्यावर मावेनासा झालो, म्हणून बाबांनी माझ्या पोटात आणखी लहान लहान मेनू बसवले. एक ओळ दाबली की तिच्यातून दुसऱ्या चार बाहेर येत.

खोटे कशाला बोलू, मला गगन ठेंगणे झाले होते. माझ्या उद्घाटनाला मोठे साहेब स्वतः आले. त्यांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळले आणि म्हणाले, "वा! काही म्हणता काही सुटलेलं नाही. सगळं आहे यात." टाळ्या पडल्या. माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. सगळे असणे आणि सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी कोणाच्या ध्यानात आले नाही. माझ्या तर मुळीच नाही.

मला रोज वापरणार होत्या त्या मावशी. त्या मात्र उद्घाटनाला नव्हत्या, कारण त्या वेळी खिडकीवर रांग होती.

त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. साहेबांपासून ढकलगाडीवाल्या दादांपर्यंत सगळ्यांच्याच त्या मावशी. बावीस वर्षे त्या त्याच खिडकीवर बसत होत्या. कोणी धापा टाकत "माझी छत्री गेली हो" म्हणत आला, की त्या म्हणत, "आधी बसा. पाणी घ्या. आता सांगा, मूठ कशी होती?" आणि छत्री सापडली की ज्याची त्याच्यापेक्षा मावशींचाच चेहरा जास्त खुले. घरी जाताना त्या दादांना हिशेब दिल्यासारखे सांगत, "आज अकरा जणं हसत गेली बरं का." त्यांची खरी नोकरी तीच होती.

माझ्याशी मात्र त्यांचे काही केल्या जुळेना. माझ्यातली नावे लिहिली होती शाखाप्रमुखांनी, कचेरीच्या भाषेत. 'प्राप्त मत्ता नोंदणी', 'मत्ता स्थाननिश्चिती', 'दावेदार सत्यापन'. मावशींनी पहिल्या दिवशी मला वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले, आणि शेजारी उभ्या असलेल्या दादांना हळूच विचारले, "दादा, ही मत्ता म्हणजे कोण?"

दादा म्हणाले, "असेल कुणी नवीन बाई."

मग मावशींनी आपली युक्ती काढली. त्यांनी मला वाचणे सोडून दिले आणि मोजायला सुरुवात केली. वस्तू कपाटात पाठवायची असेल तर वरून चौथी ओळ, तिच्यातली दुसरी, मग 'होय'. एका कागदाच्या पट्टीवर त्यांनी लिहिले, 'चौथं, दुसरं, होय', आणि ती पट्टी पडद्याच्या कडेला चिकटवली. अशा पाच पट्ट्या तिथे लागल्या. मला फार अपमान वाटला. त्रेचाळीस ओळींचा, टाळ्या घेतलेला मी, आणि ही बाई मला जिन्याच्या पायऱ्यांसारखी मोजते! पण काम चालले होते. थोडे हळू, पण चालले होते.

त्यानंतर शाखाप्रमुखांचे भांडण झाले. कारण काय, तर माझ्यात सर्वांत वर कोणाचे नाव. सुरक्षा म्हणे आम्ही वर, भांडार म्हणे आम्ही नसलो तर तुम्ही सुरक्षा कशाची करणार. दोन्ही प्रमुखांनी पंधरा दिवस एकत्र चहा घेतला नाही. शेवटी साहेबांनी तोडगा काढला. "सगळी नावं अकारविल्हे लावून टाका. वर्णमालेशी तर कुणाचं वैर नाही ना?" वर्णमालेशी कोणाचेच वैर नव्हते. बाबांनी शनिवारी संध्याकाळी माझ्या सगळ्या ओळी उचलून अ पासून ह पर्यंत लावल्या, आणि पुढच्याच आठवड्यात ते दुसरीकडे नोकरीला गेले. मावशींना सांगायचे मात्र कोणालाच सुचले नाही. त्या कुठल्या शाखेच्या प्रमुख होत्या थोड्याच!

आता माझी पहिली ओळ होती 'अंतर्गत परिपत्रके', दुसरी 'अग्निशमन तपासणी', तिसरी 'अधिकारी रजा', आणि चौथी 'अनावश्यक वस्तू'.

सोमवारी सकाळी पहिल्या थैलीतून खाकी कागदांचा एक मोठा गुंडाळा निघाला. पडद्यावर नोंदीचा अर्ज आपोआप उघडलेला असे, तो मावशींनी भरला. तेवढ्यात खिडकीवर एक गृहस्थ एकाच पायात बूट घालून उभे राहिले. एकच बूट बसमध्ये कसा राहिला हे ते मोठ्या तपशिलाने सांगत होते, आणि मावशी मन लावून ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांचे बोट सवयीने चालले. चौथे, दुसरे, होय. यंत्रातून चिठ्ठी बाहेर आली. तिच्यावर कपाटाच्या दोन नंबरच्या खणाऐवजी नऊ नंबरचा खण छापलेला होता. मावशींनी ती न बघता गुंडाळ्याला चिकटवली, दादांनी ती बघून गुंडाळा गाडीवर टाकला आणि नऊ नंबरच्या खणात नेऊन ठेवला. त्या खणात भंगार आणि रद्दी जाते. गुरुवारी दुपारी ट्रक येतो आणि ते सगळे घेऊन जातो.

दुसरी वस्तू होती एक बाबागाडी. तिलाही नऊ नंबरची चिठ्ठी लागलेली पाहून दादा थबकले. "मावशी, एवढी नवी कोरी बाबागाडी भंगारात?"

"काय सांगता!" मावशींनी पडद्याकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढले. त्या दिवशी त्यांनी प्रत्येक वस्तूला पाच-पाच मिनिटे घेतली, आणि रांग दाराबाहेर गेली. पण तो पहिला गुंडाळा त्या गडबडीत विसरला गेला. खाकी कागद दिसायला रद्दीसारखाच, त्यामुळे दादांनाही काही वावगे वाटले नव्हते.

गुरुवारी दुपारी बारा वाजता एक शिंपीकाका आले. गळ्यात मोजपट्टी तशीच लटकत होती. ती काढायचेही त्यांना सुचले नव्हते. खिडकीच्या कठड्याला धरून ते म्हणाले, "बाई, माझे बेतायचे कागद राहिलेत हो बसमध्ये. तीस वर्षांचे आहेत. एकेका गिऱ्हाइकाचं माप घेऊन कापलेले. ते गेले तर मी दुकान कशाच्या जोरावर उघडू?"

"खाकी कागद? मोठा गुंडाळा?" मावशी उठल्याच. "आहे, आहे. माझ्या हातानं ठेवलाय. बसा तुम्ही." त्या कपाटाकडे गेल्या आणि रिकाम्या हाताने परत आल्या. मग त्यांना सोमवार आठवला. त्यांनी घड्याळ पाहिले, चपला खिडकीखालीच टाकल्या आणि अनवाणी मागच्या आवारात धावल्या. ट्रकचे मागचे फळकूट उघडले होते. माणसे पोती वर टाकत होती. "थांबा! एक पोतं हलवू नका!" असे ओरडत मावशी ट्रकमध्ये चढल्या. बावीस वर्षांत त्यांना कोणी ओरडताना ऐकले नव्हते. हे सगळे मला नंतर दादांच्या तोंडून कळले. मी आपला पडद्यावर जागच्या जागी उभा होतो, आणि पहिल्यांदाच मला माझ्या उंचीची लाज वाटत होती.

गुंडाळा सापडला. जुन्या वर्तमानपत्रांच्या खाली होता, आणि त्याच्यावर कोणाच्या तरी बुटाचा ठसा उमटला होता. शिंपीकाकांनी तो खिडकीवर उलगडला आणि एकेक कागद हाताने सारखा करत बघितला. "ही मास्तरांची बाही. हा डॉक्टरीणबाईंचा कोट. हे माझ्या मेव्हण्याचं माप, तो आता यात मावत नाही, पण असू दे." ते हसले, मावशींना हात जोडले आणि गेले.

मावशी मात्र हसल्या नाहीत. त्या खुर्चीवर बसून तळव्याला लागलेली माती पुसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा आदेश आला. खिडकीवर रांग वाढली आहे, वस्तू भंगारात गेली आहे, तरी येत्या पहिल्या तारखेपासून मावशींनी आतल्या गोदामात काम करावे. गोदामात नुसते लोखंडी खण. तिथे कोणी धापा टाकत येत नाही आणि कोणी हसत जात नाही.

जेवणाच्या सुट्टीत मावशींच्या लेकीचा फोन आला. मावशींचे हात डब्यात असल्याने त्यांनी तो टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात लावला.

"आई, तू भांड ना त्यांच्याशी!"

"कशावर भांडू गं? चूक माझीच आहे. माझं डोकंच चालत नाही या यंत्रात."

"तुझं डोकं चालत नाही? आमच्या अख्ख्या सोसायटीत कोणाच्या किल्ल्या कुठं असतात ते तुला पाठ आहे."

"ते वेगळं. किल्ल्या कोणी रात्रीतून हलवत नाही."

मित्रांनो, मला तेव्हा ओरडून सांगावेसे वाटले, की मावशी, चूक तुमची नाही, माझी आहे! माझी नावे परकी, माझ्या जागा हललेल्या, आणि भंगाराची ओळ मी नेमकी तुमच्या बोटाखाली आणून ठेवली. पण माझ्याकडे होत्या फक्त त्रेचाळीस ओळी, आणि त्यांतल्या एकीतही हे लिहिलेले नव्हते.

इकडे साहेबांनी अशी चूक पुन्हा होऊ नये म्हणून एक उपाय शोधला होता. माझ्यात चव्वेचाळिसावी ओळ घालायची: 'चुका टाळण्याबाबत सूचना'. बाबा तर गेलेले. म्हणून बाबांच्या जुन्या कंपनीने एका ताईला पाठवले. पडद्यावर काय कुठे असावे हे ठरवायचे तिचे काम. एक ओळ घालायची आणि जायचे, एवढेच तिला सांगितले होते.

ताईने ओळ घातली नाही. ती स्टूल ओढून मावशींच्या शेजारी बसली आणि वही उघडली. मावशी ताठ झाल्या. "माझ्या चुका लिहायला आलात ना?"

"नाही मावशी. याच्या चुका लिहायला आलेय." आणि तिने पेन माझ्याकडे रोखले.

मला राग आला, पण बरेही वाटले.

दोन दिवस ती नुसती बघत बसली. मावशी अडल्या तरी ती पुढे होऊन दाबत नसे. फक्त विचारी, "आत्ता काय शोधत होता? ते कुठे असेल असं वाटलं होतं?" मावशी सांगत आणि ती लिहून घेई. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या त्रेचाळीस ओळी त्रेचाळीस चिठ्ठ्यांवर लिहिल्या आणि टेबलावर पसरल्या. "मावशी, यांचे तुमच्या मनासारखे ढीग करा."

मावशींनी सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. पाच उचलून आपल्याकडे ओढल्या. उरलेल्या अडतीस हाताने एका बाजूला लोटल्या. "ह्या कुणाच्या आहेत ते मला ठाऊक नाही. बावीस वर्षांत एकदाही लागल्या नाहीत."

"आणि या पाचांना तुम्ही काय म्हणता? घरी लेकीला सांगताना?"

"म्हणायचं काय? वस्तू आली. कुणी शोधायला आलं. सापडली, देऊन टाकली. नाही आला मालक, तर कपाटात ठेवली. आणि अगदीच तीन महिने कुणी फिरकलं नाही, तर बाहेर पाठवली."

ताईने ते जसेच्या तसे लिहून घेतले. मग तिने कागदावर माझे नवे रूप काढले. 'वस्तू आली', 'वस्तू शोधा', 'परत दिली', 'कपाटात ठेवा', आणि मग बरीच जागा सोडून, तळाशी एकटी, 'बाहेर पाठवा'. कपाटाची ओळ तिने मुद्दाम चौथीच ठेवली, कारण मावशींचे बोट तिथे जायला शिकले होते. बाहेर पाठवायचे म्हटले की मी वस्तूचे नाव घेऊन विचारायचे होते, 'खाकी कागदांचा गुंडाळा कायमचा जाईल. पाठवू का?' उरलेल्या ओळी तिने ज्याच्या त्याच्या शाखेच्या संगणकावर नेऊन ठेवायच्या ठरवल्या. काही उरल्याच तर 'इतर' अशी एक ओळ करू, असे ती म्हणाली तेव्हा मावशींनी मान हलवली. "नको. 'इतर' लिहिलेल्या डब्यात काय आहे, ते डबा भरणाऱ्यालाही आठवत नाही." ताईने 'इतर' खोडले.

"अजून काही?" तिने विचारले.

"एकच. नावं बदला, रंग बदला. पण पुन्हा जागा हलवू नका बाई."

अडतीस ओळी जाणार म्हटल्यावर मी हबकलो होतो, हे कबूल करतो. इतक्या वर्षांचे वैभव ते! पण साहेब माझ्यापेक्षा जास्त हबकले. कागद बघून ते म्हणाले, "पाचच? लोकांना वाटेल आपल्याकडे कामच नाही. आणि आहे त्यात कठीण काय आहे? नीट वाचलं की सापडतं."

ताई वाद घालत बसली नाही. कोपऱ्यातली एक काळी छत्री उचलून तिने साहेबांच्या हातात दिली. "मग साहेब, एवढी ही छत्री कपाटात पाठवता?"

साहेब हसत हसत मावशींच्या खुर्चीवर बसले. मागे मावशी, दादा, आणि काय चालले आहे ते बघायला आलेले दोन शाखाप्रमुख. साहेबांनी मला वरून खाली वाचले. मग खालून वर वाचले. त्यांनी 'भांडार' उघडले आणि बंद केले. 'मत्ता' उघडले, त्यात आणखी सहा ओळी निघाल्या, ते घाईने बंद केले. त्यांच्या कपाळावर घाम आला. शेवटी त्यांचे बोट सवयीने तिसऱ्या ओळीवर गेले, कारण साहेब रोज तीच ओळ दाबत असत. समोर ओळखीचा अर्ज उघडला. नाव? साहेबांनी लिहिले, 'छत्री'. वर्णन वा कारण? 'काळी, लाकडी मूठ'. कुठे जाणार? 'कपाट'. साहेबांनी समाधानाने 'होय' दाबले, आणि यंत्रातून कागद बाहेर आला.

दादांनी तो मोठ्याने वाचला. "श्रीमती छत्री यांची रजा मंजूर करण्यात येत आहे."

 मग मावशींच्या तोंडून हसू फुटले, आणि मग कोणालाच आवरेना. भांडार प्रमुखांना तर ठसका लागला आणि सुरक्षा प्रमुखांनी त्यांच्या पाठीवर थोपटले. साहेब आधी लाल झाले. मग तो कागद पुन्हा वाचून तेही हसले. पण आदेश त्यांनी मागे घेतला नाही. ते म्हणाले, "ठीक आहे. पहिल्या तारखेला हा नवा मेनू लावा. मी स्वतः उभा राहून बघेन. जमलं तर जमलं. नाहीतर मावशी आत जातील."

पहिली तारीख सोमवारी आली. दोन दिवसांच्या सुट्टीच्या थैल्या दाराशी रचलेल्या, आणि खिडकीवर सतरा माणसे. मी त्या दिवशी पाच ओळींचा होतो, मोठ्या अक्षरांचा, आणि मला चक्क उघडे पडल्यासारखे वाटत होते. मावशींनी माझ्याकडे बघून हात जोडले. हात जोडावेत असे मी आजवर काही केले नव्हते. साहेब घड्याळ हातात घेऊन त्यांच्या मागे उभे राहिले.

पहिली आली शाळेतली एक मुलगी, तिची बासरी गेली होती. मावशींनी 'वस्तू शोधा' दाबले आणि मान वर करून तिला विचारले, "कसली बाळ? बांबूची की प्लॅस्टिकची?" मग एक आजोबा हातमोज्यासाठी. मग चाव्या. एक बाई आपण काय हरवले तेच विसरल्या होत्या. त्यांना मावशींनी पाणी दिले आणि बाकावर बसवले. मधूनच दादा थैल्या आणत होते, मावशींचे बोट चालत होते, चिठ्ठ्या निघत होत्या, आणि प्रत्येक वस्तू आपापल्या खणात जात होती. मी श्वास रोखून उभा होतो. एकदाही त्यांचे बोट माझ्यावर घुटमळले नाही.

तासाभरात रांगेत चार माणसे उरली. साहेबांनी खाकरून विचारले, "मावशी, हे नवीन शिकायला किती दिवस लागले तुम्हाला?"

मावशी आजोबांचा दुसरा हातमोजा शोधत होत्या. वळूनही न बघता त्या म्हणाल्या, "शिकायला? मला कुणी शिकवलं नाही साहेब. सकाळी आले आणि बसले."

साहेब घड्याळ खिशात घालून खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, रांगेपाशी येऊन उभे राहिले. रांगेतला एक जण त्यांना म्हणाला, "अहो, तुम्ही रांगेत आहात का? नसाल तर जरा सरका की." साहेब सरकले, आणि आपल्या खोलीत गेले.

दुपारी दादा ढकलगाडी घेऊन खिडकीपाशी आले. "मावशी, गोदामात तुमच्यासाठी ठेवलेली खुर्ची मी माझ्याकडे घेतली बरं का."

"का हो? मग मी कशावर बसू तिथं?"

"तिथं कशाला बसताय? साहेबांनी आदेश फाडला. माझ्याच गाडीत टाकलेत तुकडे, रद्दीत न्या म्हणाले."

मावशींनी डोळ्यांना पदर लावला. मग खिडकीवरच्या माणसाला म्हणाल्या, "हं, बोला. तुमचं काय हरवलं?"

मित्रांनो, या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. मला पुन्हा कधी टाळ्या पडल्या नाहीत. मी इथे आहे हेसुद्धा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मावशी माझ्याकडे क्षणभर बघतात आणि उरलेला सगळा वेळ समोरच्या माणसाकडे बघतात. आधी मला याचे वाईट वाटेल असे वाटले होते, पण वाटत नाही. परवा संध्याकाळी त्यांनी दादांना सांगितले, "आज तेवीस जणं हसत गेली." त्या तेविसांत माझाही थोडा हात आहे, एवढे मला पुरते.

जाता जाता एक मागणे आहे. तुमच्या घरी कोणी आजी किंवा काकू हातात फोन धरून म्हणाल्या, की "मला मेलीला यातलं काही कळत नाही," तर त्यांना हसू नका. त्यांच्या हातातला फोन ओढून घेऊन भराभर दाबूनही देऊ नका. शेजारी बसा आणि गप्प राहून बघा, त्यांचे बोट आधी कुठे जाते. उद्या तुम्ही मोठे होऊन माझ्यासारखा एखादा मेनू लिहायला बसलात, तर त्यांना हवे असलेले काम बरोबर तिथे ठेवा.